साक्षीदाराची आठवण, आरोपीचे मन आणि न्यायालय

नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडच्या तहसील कार्यालयात नायब तहसीलदाराच्या टेबलावर सातबाऱ्याच्या दुरुस्त्या असतात, गारपिटीचे पंचनामे असतात, दाखल्यांचे अर्ज असतात आणि निवडणूक आली की मतदार याद्या असतात. अधूनमधून त्यात पोलिसांचे एक पत्र येऊन पडते. अमुक गुन्ह्यातल्या आरोपीची ओळख परेड घ्यायची आहे. मग हा अधिकारी कार्यकारी दंडाधिकारी म्हणून कारागृहात जातो, दोन पंच बोलावतो, आरोपीसारखे दिसणारे काही ‘डमी’ ओळीत उभे करतो आणि साक्षीदाराला विचारतो, यातला तो कोण?

महसूल खात्याच्या कुठल्याही पुस्तकात तसे लिहिलेले नसले, तरी त्या वेळी तो माणूस मानसशास्त्राचा एक प्रयोग करत असतो. तपासणी चालू असते ती स्मरणशक्तीची आणि निकालावर कुणाची जन्मठेप, कधी फाशीही अवलंबून असू शकते. मेंदूविज्ञान आणि कायदा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे डोक्याला तारा लावलेला आरोपी येतो. त्या तारांचीही गोष्ट पुढे येईल. पण या दोन शास्त्रांची सर्वांत महत्त्वाची गाठ पडते ती अशा साध्या कारवाईत, तालुक्याच्या पातळीवर.

मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये ओळख परेडचे नियम दिलेले आहेत. एका आरोपीमागे किमान सहा डमी असावेत. दोन आरोपी असतील तर डमींची संख्या दहा-बारापर्यंत न्यावी आणि एका रांगेत दोनपेक्षा जास्त आरोपी उभे करू नयेत. डमी वयाने, अंगकाठीने, रूपाने आरोपीशी मिळतेजुळते हवेत. साक्षीदाराने आरोपीला आधी पाहिलेले नसावे, आरोपीला रांगेतली जागा निवडू द्यावी, पोलिसांनी तिथून बाहेर जावे. हे नियम अनुभवातून आले. त्यांच्यामागचे शास्त्र प्रयोगशाळांनी नंतर शोधून काढले आणि ते न्यायालयांना अस्वस्थ करणारे आहे.

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीच्या फिती दाखवल्या आणि वेग किती होता असे विचारले. सगळ्यांनी पाहिले तेच होते, फक्त प्रश्नातले क्रियापद बदलले होते. गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता, या प्रश्नाला सरासरी उत्तर ताशी सुमारे ३२ मैल आले. गाड्या एकमेकींवर ‘आदळून चुरा झाल्या’ तेव्हा किती, असे विचारल्यावर ते जवळजवळ ४१ मैलांवर गेले. पुढच्या एका प्रयोगात, टक्कर पाहून आठवडा उलटल्यावर, फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का असे विचारले गेले. ज्यांना आधी जोरकस शब्दात प्रश्न केला होता त्यांतले ३२ टक्के ‘हो’ म्हणाले, सौम्य शब्दात विचारलेल्यांतले १४ टक्के. फितीत फुटलेली काच मुळी नव्हतीच.

आठवण मेंदूत छायाचित्रासारखी साठून राहत नाही. दर वेळी आठवताना मेंदू ती पुन्हा जुळवतो आणि त्या जुळणीत नंतर ऐकलेले, वर्तमानपत्रात पाहिलेले, पोलिसाच्या प्रश्नातून सुचलेले तुकडेही बसतात. माणसाला त्याचा पत्ता नसतो. तो खोटे बोलत नसतो, त्याला तसेच आठवत असते. उलटतपासणीचे सगळे कसब खोटे बोलणाऱ्याला पकडण्यासाठी घडलेले आहे. प्रामाणिकपणे चुकणाऱ्या साक्षीदारापुढे ते फारसे चालत नाही.

समोर चाकू किंवा पिस्तूल असेल तर नजर शस्त्रावर खिळते आणि चेहरा नीट टिपला जात नाही. साक्षीदाराने बोट दाखवल्यावर कुणी ‘बरोबर ओळखलंत’ म्हणाले, तर त्याची खात्री वाढते आणि मी त्याला जवळून, नीट पाहिले होते अशी मूळ प्रसंगाची आठवणही ठळक होते. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये हे दाखवून दिले. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष सुटलेल्या सुमारे पावणेचारशे कैद्यांच्या नोंदी इनोसन्स प्रोजेक्ट या संस्थेने तपासल्या, तेव्हा त्यांतल्या जवळपास ६९ टक्के प्रकरणांत साक्षीदाराने चुकीच्या माणसाला ओळखलेले निघाले.

याचा अर्थ प्रत्यक्षदर्शी साक्ष टाकून द्यावी असा मुळीच नाही. जॉन विक्स्टेड आणि गॅरी वेल्स यांनी २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून एक महत्त्वाचे सूत्र मांडले. परेड नीट घेतली असेल आणि साक्षीदाराने पहिल्याच वेळी ठामपणे ओळखले असेल, तर ती ओळख बरीच विश्वासार्ह असते. वर्षानुवर्षांनी न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभे राहून दाखवलेल्या ठामपणाला मात्र तेवढे वजन नाही. म्हणून पहिली ओळख जपायची, तिची नोंद साक्षीदाराच्या शब्दांत करायची आणि ती कधीही दडपायची नाही.

ती दडपली की काय होते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ५ जून २००३ च्या रात्री नाशिक जिल्ह्यात पेरूच्या बागेतल्या एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जण मारले गेले, त्यांतल्या एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार करून तिला ठार करण्यात आले. जगलेल्यांत त्या घरातली बाई आणि मुलगा होते. भटक्या समाजातले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच दिली. तिन्ही न्यायालयांपुढे मुख्य आधार होता तो साक्षीदारांनी आरोपींना ओळखल्याचा.

पुनर्विचारात वेगळीच गोष्ट समोर आली. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, त्या बाईला पोलिसांच्या दप्तरातली गुन्हेगारांची छायाचित्रे दाखवली होती. तिने चार माणसे ओळखली होती आणि ती चार माणसे पुढे फाशी झालेल्या सहांपैकी नव्हती. त्या चौघांचा तपास झाला नाही आणि ही नोंद सरकार पक्षाने न्यायालयापुढे नीट मांडलीही नाही. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि तपासातल्या हलगर्जीबद्दल अधिकाऱ्यांवर कारवाईचा विचार करायला सांगितले. तोवर सोळा वर्षे गेली होती. त्या सहांतला एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता.

त्या बाईला दोष देण्याचे काहीच कारण नाही. तिने सोसले ते शब्दांपलीकडचे आहे. सर्वांत ताज्या आठवणीतून तिने जे सांगितले होते, तेच ऐकले गेले नाही. स्मरणशक्तीचे शास्त्र न्यायालयाला नेमके हेच सांगत आले आहे.

महाराष्ट्रात विज्ञानाकडून ठेवलेली अपेक्षा मात्र नेमकी उलटी होती. साक्षीदाराच्या आठवणीवर शंका घेण्याऐवजी आरोपीच्या डोक्यातली आठवण यंत्राने वाचून काढावी, असे तपास यंत्रणांना वाटू लागले. तेलगीच्या बनावट मुद्रांकांच्या प्रकरणात २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग आणि नार्को या चाचण्यांना परवानगी दिली. नार्कोच्या टेबलावर बडबडणाऱ्या आरोपीची चित्रफीत पुढे दूरचित्रवाणीवर घरोघरी पाहिली गेली. पोलिसांच्या हाती आता सत्य ओळखणारे यंत्र आले, अशी लोकांची समजूत झाली.

मग आले पुण्याचे प्रकरण. एमबीएच्या एका विद्यार्थिनीने आपल्या पूर्वीच्या वाग्दत्त वराला प्रसादातून आर्सेनिक दिल्याचा आरोप होता. मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिची ‘बिऑस’ नावाची चाचणी झाली. बंगळुरूच्या निमहान्समध्ये चिकित्सा मानसशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेल्या चंपाडी रामन मुकुंदन यांनी ती विकसित केली होती. डोक्यावर इलेक्ट्रोड बसवायचे, आरोपीने डोळे मिटून गप्प बसायचे आणि ‘मी आर्सेनिक विकत घेतले’ अशा धर्तीची वाक्ये एकामागून एक ऐकायची. ऐकीव माहिती वेगळी आणि स्वतः केलेल्या कृतीची आठवण वेगळी, मेंदूतल्या विद्युतलहरींवरून ती ओळखता येते, असा या चाचणीचा दावा. १२ जून २००८ रोजी पुण्याच्या सत्र न्यायाधीश शालिनी फणसळकर-जोशी यांनी तिला आणि तिच्या साथीदाराला जन्मठेप दिली. निकालात इतर पुराव्यांबरोबर या चाचणीचाही आधार घेतला होता. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी या निकालाची नोंद घेतली ती काळजीने. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने दोघांनाही जामीन दिला.

२००८ मध्येच निमहान्सचे तत्कालीन संचालक डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या पद्धतीचा वैज्ञानिक पाया पुरेसा नाही, तपासात आणि न्यायालयात तिचा वापर थांबवावा, असे मत दिले. अडचण कुठे आहे हे समजून घेण्यासारखे आहे. लाय डिटेक्टर खोटेपणा मोजत नाही. तो रक्तदाब, नाडी, श्वास आणि त्वचेवरच्या घामाचा परिणाम मोजतो. पोलीस कोठडीतल्या निरपराध माणसाचीही छाती धडधडते. नार्कोत दिले जाणारे सोडियम पेंटोथाल हे भुलीचे औषध, त्याने जीभ सैल होते, पण सैल जिभेवर सत्याबरोबर कल्पना आणि विचारणाऱ्याने सुचवलेली उत्तरेही येतात. बिऑसचा पेच याहून खोल आहे. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते हे खरे असेल, तर महिनोन्महिने कोठडीत, वर्तमानपत्रांत आणि वकिलांच्या तोंडून आपल्याच गुन्ह्याची कथा ऐकलेल्या माणसाच्या मेंदूत ‘केलेले’ आणि ‘ऐकून कल्पिलेले’ यांच्यातली रेषा लहरींवरून ओळखता येते, हे कुणी स्वतंत्रपणे सिद्ध करायला हवे होते. ते होण्याआधीच चाचणी न्यायालयात पोहोचली.

५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग आणि नार्को या तिन्ही चाचण्या संमतीशिवाय करणे घटनाबाह्य ठरवले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याचा हक्क अनुच्छेद २०(३) मध्ये आहे. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये. मनाचे खासगीपणही त्यांच्या कक्षेत येते, असे न्यायालयाने सांगितले. आरोपी स्वेच्छेने तयार झाला तरी संमती दंडाधिकाऱ्यापुढे, वकिलाच्या उपस्थितीत नोंदवायची. चाचणीतले बोलणे पुरावा ठरत नाही. त्यातून पुढे एखादी वस्तू सापडली, तर तेवढीच ग्राह्य धरता येते. २०२५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा बजावले. तरीही मोठा गुन्हा घडला की ‘त्याची नार्को करा’ ही मागणी आजही होते. ती करणाऱ्यांचा संताप खरा असतो. पण त्यांना हवे ते देणारे यंत्र अजून बनलेले नाही.

कायदा आरोपीच्या मनाचा विचार आणखी एका ठिकाणी करतो आणि तिथे खेड्यापाड्यातल्या कुटुंबांचा थेट संबंध येतो. कृत्य करताना मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे, हे समजण्याची क्षमताच नसेल तर तो गुन्हा होत नाही. दंड संहितेचे हे कलम ८४. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम २२ झाले. त्याचे मूळ इंग्लंडमधले. १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटन या माणसाने पंतप्रधान पील समजून त्यांच्या सचिवाला गोळी घातली. त्याच्या सुटकेनंतर तिथल्या न्यायाधीशांनी घालून दिलेली कसोटी आपण १८६० मध्ये घेतली आणि आजही तीच चालते. तेव्हा मनोविकारशास्त्र बाल्यावस्थेत होते. मधल्या पावणेदोनशे वर्षांत स्किझोफ्रेनियाबद्दल, भासांबद्दल, औषधांबद्दल जे कळले, त्यातले या कलमाच्या शब्दांत काहीच उतरलेले नाही. नवी संहिता करताना ती संधी होती. ती गेली, हे दुर्दैव.

शब्द जुने असले तरी न्यायाधीश त्यात नवे ज्ञान आणू शकतात. महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाने १९९४ मध्ये पत्नीचा खून केला. सत्र आणि उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सगळी परिस्थिती एकत्र मांडली. वडिलांना मानसिक आजार होता. याच्यावर १९९२ पासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते. घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर या काळात त्याला पंचवीस वेळा रुग्णालयात न्यावे लागले. नोकरी सोडायला पत्नीचा विरोध, हा खुनाला फारच दुबळा हेतू होता. कृत्य दिवसाढवळ्या झाले आणि त्याने पळण्याचा, लपण्याचा प्रयत्न केला नाही. न्यायालयाने त्याला कलम ८४ चा फायदा दिला. अशी सुटका म्हणजे उघडे दार नव्हे. असा माणूस न्यायालयाच्या आदेशाने सुरक्षित ताब्यात, बहुधा मनोरुग्णालयात जातो. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर इथली राज्याची जुनी मनोरुग्णालये अशा रुग्णांना ओळखतात.

हा शिपाई सुटला तो कागदांच्या आधारे. कुणीतरी १९९२ मध्ये त्याला डॉक्टरकडे नेले होते म्हणून. उमरेड, भिवापूर, कुही पट्ट्यातल्या गावांत घरातला तरुण एकटाच बडबडू लागला, कुणी आपल्याला मारायला टपले आहे म्हणू लागला, तर अनेक घरे आधी अंगारा-धुपारा करतात, देवस्थानावर नेऊन ठेवतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे हा गुन्हा ठरवला आहे. पण मांत्रिकाकडे गेलेल्या दोन वर्षांचा केसपेपर नसतो. पुढे काही भयंकर घडले, तर मन ठिकाणावर नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी कायद्याने आरोपीवर आहे आणि त्याच्या हातात दाखवायला काहीच नसते.

वयाचा प्रश्नही शेवटी मेंदूपाशीच येतो. आवेग आवरणे, परिणाम तोलणे ही कामे कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सची. एमआरआयच्या अभ्यासांतून दिसले की हा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अठराखालच्यांची फाशी रद्द केली, तेव्हा त्याच्यापुढे हे संशोधनही मांडले गेले होते. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मात्र १६ ते १८ वयाच्या मुलाने निर्घृण गुन्हा केला, तर त्याची मानसिक क्षमता तपासून त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवता येईल अशी वाट काढली. ती तपासणी तज्ज्ञाशिवायही होऊ शकत असे. बाल मानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्रातला जाणकार बाल न्याय मंडळात नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले.

या सगळ्याचा जिवंत पुरावा नागपूरने पाहिला. पुण्यात १९९४ मध्ये एकाच घरातल्या सात जणांच्या खुनाबद्दल फाशी झालेला एक कैदी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात होता. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये त्याची फाशी कायम केली होती. राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीवरून अखेर सिद्ध झाले की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. मार्च २०२३ मध्ये तो बाहेर आला. बालगुन्हेगार म्हणून कमाल तीन वर्षांत संपणारी गोष्ट अठ्ठावीस वर्षांहून जास्त चालली. मारल्या गेलेल्या सात जणांच्या आप्तांचे दुःख त्याने कमी होत नाही. पण साडेबारा वर्षांच्या वयातल्या गुन्ह्यासाठी कुणाला फाशीच्या कोठडीत ठेवणे हा न्याय कुठल्याही शास्त्रात बसत नाही.

महाराष्ट्राच्याच आणखी एका प्रकरणात, एप्रिल २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेनंतर गंभीर मानसिक आजार जडलेल्या कैद्याची फाशी रद्द केली. निकालपत्रात त्याचे नाव नाही, ‘आरोपी एक्स’ एवढाच उल्लेख आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने रुग्णाला दिलेली गोपनीयता न्यायालयाने आपल्या निकालातही पाळली.

उमरेडसारख्या तालुक्यात यातले काय लगेच करता येईल? ओळख परेड घेणाऱ्या नायब तहसीलदारांना स्मरणशक्तीच्या शास्त्राचे एक दिवसाचे प्रशिक्षण देणे जिल्हा प्रशासनाला अवघड नाही. परेडची चित्रफीत मोबाइलवरही घेता येते. साक्षीदाराचे पहिले शब्द जसेच्या तसे लिहायला एक ओळ जास्त लागते. कुटुंबांनी एवढे करावे: घरातल्या कुणाच्या वागण्यात असा बदल दिसला तर आधी ग्रामीण रुग्णालयात न्यावे, प्रत्येक केसपेपर आणि औषधाची चिठ्ठी जपून ठेवावी आणि कधी प्रकरण पोलिसांपर्यंत गेले तर ते कागद पहिल्याच दिवशी वकिलाच्या हाती द्यावेत. मुलाचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला त्याच पिशवीत असावा. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलते. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती आहे, विधी सेवेचा क्रमांक १५१०० आहे आणि कोठडीतल्या व मानसिक आजाराने अपंगत्व आलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे.